होळीपर्यंत सुधारलं नाही तर सोडून देऊ म्हणतात

पत्र थोडक्यात, नाव-गाव गाळून: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. घरी सासू-सासरे, नवरा, चार वर्षांचा मुलगा, कोरडवाहू शेती. दत्तजयंतीच्या सुमारास नवऱ्याने धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, व्यालेल्या कुत्रीचं पिल्लू घरी आणलं, तेव्हा ते जेमतेम महिन्याचं होतं, आता अडीच महिन्यांचं आहे. वावराच्या राखणीला होईल म्हणून आणलं. पण ते दिसेल त्याला चावतं, चपला फाडतं, ओसरीत कुठेही मुततं, एकदा तर समोरच्या खोलीत भरलेल्या कापसावर मुतलं, कोंबडीची दोन पिल्लं मारली, रात्रभर रडतं. दिवसा सगळे वेचणीला जातात तेव्हा खुंट्याला बांधलेलं असतं. मागच्या आठवड्यात मुलाच्या पोटरीला त्याचा दात लागून रक्त आलं, सासूबाईंनी चुना लावला. नवरा चपलेने मारतो, म्हणतो गावठी जात सुधरत नाही, विलायतीच आणायला पाहिजे होतं. सासरे म्हणतात, "होळीलोक पाहू, नाही तं पोत्यात टाकून धरणापलीकडं सोडून देऊ." ताईंचा जीव त्या पिल्लात अडकलाय पण घरात त्यांचं ऐकतं कोण. त्या विचारतात, होळीपर्यंत त्याला वळण लागेल का, की मीच मन घट्ट करून सोडून द्यायला हो म्हणू?

ताई, वळणाचं नंतर बोलू, पहिले मुलाच्या पोटरीचं. तुम्ही लिहिलं की चावलं असं नाही, खेळता खेळता दात लागला, आता खपलीही धरली. तरी उद्याची वेचणी एक दिवस राहू द्या आणि त्याला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, आठवडा होऊन गेला आता काय जायचं असं करू नका. लहान पिल्लापासून काही होत नाही असं गावात सगळेच म्हणतात, पण रेबीज पिल्लालाही होतो, आणि याची माय धुऱ्यावरची, तिला कोणी कधी लस दिलेली नाही. सरकारी दवाखान्यात ही लस फुकट असते, दंडाला टोचतात, आता पोटात चौदा इंजेक्शनं वगैरे काही राहिलेलं नाही. पहिली सुई ज्या दिवशी तो शून्य धरायचा आणि मग ३, ७ आणि २८व्या दिवशी पुढच्या. रक्त आलं होतं हे डॉक्टरला स्पष्ट सांगा, कारण रक्त निघालेल्या जखमेसाठी लसीसोबत आणखी एक वेगळं इंजेक्शन असतं, ते द्यायचं का ते ते ठरवतील. आणि पुढे कधीही घरात कोणालाही दात किंवा नख लागलं तर चुना नाही, मिरची नाही, हळद नाही, तेल नाही, फक्त साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण १५ मिनिटं घड्याळ लावून, आणि मग दवाखाना. हे सासूबाईंना चिडून सांगू नका, त्यांनी मायेनेच लावला असेल चुना, पण सांगा नक्की, कारण या रोगाची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही आणि त्याआधी लस घेतली तर वाचतो, मधलं काही नाही.

त्याच आठवड्यात पिल्लालाही ढोरांच्या दवाखान्यात न्या. जंताचं औषध, पार्वो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या रोगांची लस आता, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत, आणि तीन महिने पूर्ण झाले की रेबीजची, पुढे दरवर्षी. पार्वोची लस सरकारी दवाखान्यात नाही मिळाली तर तालुक्याला मेडिकलवर मिळते का ते डॉक्टरलाच विचारा. हा खर्च जास्त वाटेल, पण पार्वो झालेलं पिल्लू रक्ताची हगवण लागून दोन-चार दिवसात हातचं जातं, आणि त्याच्यावर सलाईन लावत बसायचा खर्च लसीच्या कितीतरी पट होतो.

आता वळणाचं.

तुमच्या पत्रात "सुधरत नाही" हा शब्द मी मोजला, पाच वेळा आलाय. सुधरायला आधी बिघडावं लागतं ना ताई. अडीच महिन्यांचं लेकरू आहे ते. माणसाचं म्हणाल तर तुमचा मुलगा दीड-दोन वर्षांचा असताना जे जे करत होता, तोंडात काहीही घालणं, कुठेही मुतणं, रात्री उठून रडणं, तेच हे करून राहिलंय, फक्त याला दात टोकदार आहेत आणि आई जवळ नाही. आई जवळ नाही ही गोष्ट मोठी आहे. पिल्लू आईजवळ निदान आठ आठवडे तरी राहायला पाहिजे, कारण किती जोरात चावायचं ते त्याला आई आणि भावंडंच शिकवतात. एकाने दुसऱ्याचा कान जोरात धरला की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं, दूध पिताना आईला दात लागला की आई उठून जाते, असं शेकडो वेळा होतं तेव्हा त्याला कळतं की जबडा कुठपर्यंत दाबायचा. तुमच्या पिल्लाला महिन्याभराचंच उचललं, म्हणजे ती शाळा अर्ध्यावर सुटली. ती आता तुमच्या घरात पुरी करायची आहे, बस एवढंच आहे हे. यात त्याच्या जातीचा काही दोष नाही.

तर चावण्याचं असं करा. खेळताना दात लागला की एकदाच जोरात "आई गं" किंवा "ओय" म्हणा आणि हात झटकू नका, झटकला की त्याला वाटतं खेळ वाढला. उठा आणि पाठ फिरवून अर्धा मिनिट बाजूला उभं राहा. ना ओरडणं ना मारणं. मग परत या आणि त्याच्या तोंडात चावायला काहीतरी द्या, जुन्या लुगड्याच्या पट्टीला दोन-तीन गाठी मारा आणि माठाच्या पाण्यात भिजवून द्या, हिरड्यांना गार लागतं आणि ते तासभर त्याच्याशीच झटत बसतं. होळीच्या सुमाराला ते चार महिन्यांचं होईल, तेव्हा त्याचे दुधाचे दात पडायला लागतील आणि सहा-सात महिन्यांपर्यंत नवे ४२ दात येत राहतील, म्हणजे चावणं मधे थोडं वाढेलच, तेव्हा घाबरू नका. एक गोष्ट मात्र कराल, जुनी चप्पल त्याला खेळायला देऊ नका, घरात सगळेच देतात, पण जुनी कोणती आणि दसऱ्याला घेतलेली नवी कोणती हे कुत्र्याला कळत नाही, चप्पल म्हणजे चावायची वस्तू एवढंच कळतं. घरातल्या चपला उंचावर ठेवायची सवय माणसांनी लावायची.

मुलाला सांगा की पिल्लू अंगावर आलं की पळायचं नाही, किंचाळायचं नाही, झाड व्हायचं. हात छातीशी आणि वर बघायचं. पळणाऱ्या पोटऱ्या बघितल्या की पिल्लाला राहवतच नाही. चार वर्षांच्या पोराला "झाड हो" हा खेळ आवडतो, घरात आधी पिल्लाशिवाय खेळून बघा. आणि दोघांना एकटं सोडायचं नाही, पाच मिनिटंही नाही, मोठं माणूस जवळ पाहिजे. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला ते जास्त अंगात आल्यासारखं करतं असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा ते बहुतेक झोपेला आलेलं असतं. एवढं पिल्लू दिवसातले १८ तास तरी झोपतं, झोप झाली नाही की चिरचिर करतं, आपल्या पोरांसारखंच. तेव्हा त्याला शांत कोपऱ्यात पोत्यावर टाका.

मुतण्याचं सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात जास्त मार त्याच्यासाठीच पडतो याचं मला फार वाईट वाटतं. झोपून उठलं की, खाऊन झालं की, खेळून झालं की पाच-दहा मिनिटांत पिल्लू मुततंच. तेवढ्या वेळा त्याला उचलून अंगणाच्या एकाच ठरलेल्या कोपऱ्यात न्या, उकिरड्याच्या बाजूला असेल तर तिकडे, आणि गप उभं राहा. केलं की तिथल्या तिथे "शाब्बास" आणि भाकरीचा हरभऱ्याएवढा तुकडा. घरात आल्यावर दिलेला तुकडा कामाचा नाही, त्याला वाटतं घरात आल्याबद्दल मिळाला. अडीच महिन्यांचं पिल्लू जागेपणी तीन तासांच्या वर धरूच शकत नाही, तर तुम्ही सकाळी आठला बांधून गेलात आणि सहाला आलात तर त्याने काय करावं सांगा. ओसरीत जिथे मुतलं तिथली ओली माती खरवडून काढा आणि सारवून घ्या, नुसतं वरून पाणी मारलं तर वास राहतो, आणि वास आला की ते परत तिथेच बसतं. आणि कापूस. कापसाचा मला पूर्ण धाक समजतो, ओला कापूस पिवळा पडला तर व्यापारी क्विंटलमागे भाव पाडतो, वर्षाची कमाई आहे ती. पण कापसाच्या ढिगासारखी मऊ, गरम, कोरडी जागा दिसल्यावर पिल्लू तिकडे जाणारच. त्या खोलीच्या दाराला गुडघाभर उंच तुराट्यांची ताटी बांधून टाका. एक संध्याकाळचं काम आहे, तुरी तर आत्ताच निघाल्यात, तुराट्या अंगणातच पडल्या असतील.

आता माराचं बोलते, कारण मला वाटतं तुमच्या घरातला खरा घोळ इथे आहे. तुम्ही एक प्रसंग लिहिलाय, तो मी पुन्हा पुन्हा वाचला. संध्याकाळी तुम्ही सगळे आलात, पिल्लाला सोडलं, ते पूर्ण अंग हलवत तुमच्या नवऱ्याच्या पायात आलं, तेवढ्यात त्यांना ओला कापूस दिसला, सकाळी घाईत बांधायच्या आधीच झालं असेल ते, आणि त्यांनी त्याची मान धरून कापसाला नाक घासलं आणि चपलेने दोन दिल्या. दुसऱ्या दिवशी सगळे आले, त्याला सोडलं तेव्हा ते जवळच आलं नाही, दिवाणाखाली जाऊन तोंड पाडून बसलं, आणि सासूबाई म्हणाल्या, "पाहा, त्याले समजते काय केलं तं." ताई, त्याला ते समजत नाही. त्याला एवढंच समजलं की हा माणूस संध्याकाळी घरी आला, मी जवळ गेलो, आणि मार पडला. सकाळच्या मुतण्याशी त्याला तो मार जोडताच येत नाही, कुत्र्याच्या डोक्यात दोन-चार सेकंदांपूर्वीचं आणि आत्ताचं एवढंच जुळतं. ते "चूक केल्यासारखं" तोंड म्हणजे भीती असते. अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या अमेरिकन संशोधिकेने हे २००९ मध्ये तपासून पाहिलं, कुत्र्याने खाऊ चोरला आहे की नाही यापेक्षा मालक रागावला आहे की नाही यावर ते तोंड ठरतं, काही न केलेल्या कुत्र्यावर ओरडलं तरी ते तसंच तोंड पाडतं.

आणि याचं पुढे काय होतं बघा. जे कुत्रं मालक आला की लपतं, ते वावरात हाक मारल्यावर येईल का? रानडुक्कर अंगावर आलं असताना तुम्ही "ये" म्हणून ओरडलात तर ते तुमच्याकडे पळून येईल की तुमच्यापासून पळेल? राखणीच्या कुत्र्याला एकच गोष्ट यायला पाहिजे, बोलावलं की येणं, आणि तीच आपण चपलेने मारून टाकतो.

तुमच्या सासऱ्यांबद्दल तुम्ही सहज एक ओळ लिहिली, की पंचक्रोशीतले लोक गोऱ्हे कामाला लावायला त्यांच्याकडे आणतात. मला ती ओळ वाचून एकदम वाटलं, अहो घरातच तर मास्तर बसलाय. त्यांना विचारा ना, "बाबा, गोऱ्हा तुम्ही सहा महिन्यांचा असताना जुंपता का?" नाही जुंपत. दोन दाती होऊ देतात. आधी मानेवर नुसता हात फिरवतात, मग दाव्याने चालवतात, मग शांत म्हाताऱ्या बैलाच्या जोडीला लावतात, रिकामं लाकूड ओढायला देतात, रोज थोडंसंच, आणि थकायच्या आत सोडतात. पहिल्याच दिवशी जो गोऱ्ह्याला तुतारी, म्हणजे टोकदार काठी, टोचून टोचून पळवतो त्याचा बैल जन्मभर बुजरा राहतो, जू बघितलं की अंग काढतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बस हेच पिल्लाला लावायचं. त्यांना तुम्ही सांगितलेलं पटणार नाही कदाचित, सुनेने सांगितलं म्हणून, पण त्यांना विचारलंत तर ते स्वतःच सांगतील, आणि एकदा ज्याने सांगितलं तो मग ते पाळतो. हातात भाकरीचा तुकडा देऊन त्यांनाच बसवा अंगणात सकाळी चहानंतर, तीन मिनिटं, रोज. "बस" म्हणायचं, तुकडा त्याच्या नाकावरून मागे डोक्याकडे न्यायचा, तुकड्याकडे बघता बघता ते आपोआप खाली बसतं, बसलं की द्यायचा. "ये" म्हणायचं, आलं की द्यायचा. "सोड" म्हणायचं आणि तोंडातल्या वस्तूच्या बदल्यात त्याहून बरं काही द्यायचं. एवढे तीन शब्द होळीपर्यंत नक्की येतील, हे मी तुम्हाला खात्रीने सांगते.

पण शब्द सगळ्यांचे एकच पाहिजेत. तुमच्या पत्रात त्या पिल्लाची चार नावं आहेत बघा, नवरा टायगर म्हणतो, मुलगा टिल्लू म्हणतो, सासूबाई यू यू करतात, आणि सासरे येता-जाता नुसतं "हाड". त्याला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतं ते "हाड". म्हणजे त्याच्या हिशेबाने त्याचं नाव तेच आहे. तसंच सासूबाई ताटातला घास देतात आणि नवरा ताटाजवळ आलं म्हणून मारतो, आज पलंगावर घेतात उद्या ढकलतात, मग त्याने कोणतं खरं धरायचं?

गावठी जात शिकत नाही हे तर अगदीच खरं नाही. कोलकात्याच्या आयसर या सरकारी विज्ञान संस्थेतल्या लोकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम केलंय, २०२० मध्ये ते छापून आलं, त्यात कधी कोणी न शिकवलेली, न पाळलेली कुत्री अनोळखी माणसाने बोट दाखवलं त्या वाडग्याकडे गेली, जी वाडग्यापर्यंत आली त्यातली साधारण ८० टक्के. कोणाच्या हातात दगड आहे आणि कोणाच्या हातात भाकर, हे चौकातल्या कुत्र्याला आपल्याआधी कळतं. आणि विलायतीचं म्हणाल तर आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, दाट केसांच्या लॅब्रेडॉरला टिनाच्या छपराखाली ठेवून बघा म्हणावं. गावठी कुत्र्याची चण, केस, पोट सगळं याच उन्हाला धरून बनलेलं आहे. तरी पहिला उन्हाळा जपा, सावली, दोन ठिकाणी पाणी, दुपारी अंगाखाली ओलं पोतं, आणि डांबरी रस्त्यावर भर उन्हात चालवू नका, पंजे भाजतात.

दुसरा समज राखणीचा, की बांधून ठेवलं, माराने चिडवलं म्हणजे कुत्रं तिखट होतं. हे मला माझ्या घरचंच सांगायचं आहे. मी आठ-नऊ वर्षांची असताना आमच्याकडे भुऱ्या होता, कोठ्यात दिवसरात्र साखळीला, तिखट व्हावा म्हणून. झालाही तिखट. दूधवाल्याला चावला, मग माझ्या आतेभावाला चावला, मग त्याला पोत्यात घालून बैलबंडीतून दूर नेऊन सोडला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो परत आला, मागचा पाय ओढत, आणि सरळ आपल्या खुंट्याशी जाऊन बसला. पुन्हा नेला. मग नाही आला. ज्या खुंट्याला आम्ही त्याला असं केलं तिथेच तो परत आला होता, हे मला आजही कुठलंही बांधलेलं कुत्रं बघितलं की आठवतं. म्हणून सोडून देण्याबद्दल मी तुम्हाला मन घट्ट करा असं सांगू शकत नाही. धरणापलीकडे सोडलेलं पिल्लू तिथे सुखाने राहत नाही, तिथली कुत्री त्याला फाडतात, नाहीतर उपाशी मरतं, नाहीतर बिबट नेतो, आपल्याकडे तर बिबट कुत्र्यासाठीच गावाशी येतो. आणि पाळलेलं जनावर असं उपाशी मरायला सोडणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. पण कायदा सासऱ्यांच्या तोंडावर मारू नका. गाडगेबाबा आपल्याच मातीतले, त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी याच्या सोबतीने मुक्या प्राण्यांना अभय हेही आहे, ते आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना जास्त लवकर पोचतं.

राखण कुत्रं आपसूक करतं. सात-आठ महिन्यांचं झालं की परक्या पावलाला भुंकायला लागतं, ते शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते हे, की कोणावर भुंकायचं नाही. आणि त्यासाठी वेळ फार थोडा असतो ताई. साधारण तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत पिल्लू जे जे बघतं, हुंगतं, ऐकतं, ते त्याच्यासाठी नेहमीचं होतं, आणि त्या वयात जे बघितलंच नाही त्याला ते पुढे भितं, आणि भिणारं कुत्रं चावतं. म्हणजे सासऱ्यांनी होळीपर्यंतची जी मुदत दिली, ते पाच-सहा आठवडेच याच्या आयुष्यातले सगळ्यात मोलाचे आहेत, आणि ते खुंट्याला चालले आहेत. त्याला कडेवर घेऊन गावात एक चक्कर मारा, ट्रॅक्टर बघू दे, बकऱ्या बघू दे, घोंगडी पांघरलेला काठीवाला म्हातारा बघू दे, पिठाच्या चक्कीचा आवाज ऐकू दे. लसी व्हायच्या आहेत म्हणून दुसऱ्या कुत्र्यांत आणि उकिरड्यावर खाली सोडू नका, कडेवरून दिसतं तेवढं पुरे.

वेचणीलाही सोबतच न्या. बंडीत टोपल्यात बसवा, वावरात झाडाखाली लांब दोरीने बांधा, साखळी नको, आणि दर दोन तासांनी पाणी प्यायला तुम्ही येताच तेव्हा त्याला सोडून मुतवून आणा. फवारणीचे डबे, औषधाचा ड्रम, त्याच्या बाटल्या जिथे असतील तिथे अजिबात नको, पिल्लू सगळं चाटतं. रात्री मात्र जागलीला वावरात न्यायचं नाही, वर्षाचं होईपर्यंत तरी नाही, रानडुकराच्या एका सुळ्यात संपेल ते. रात्री रडतं त्याचं उत्तरही हेच आहे की ते एकटं आणि गारठलेलं असतं, दीड महिन्यापूर्वी ते पाच-सहा भावंडांच्या ढिगात झोपत होतं. तुमच्या खाटेजवळ खोक्यात पोतं आणि तुमचं एखादं वापरलेलं लुगडं घाला, वासाने गप होतं. रडलं की हात खाली सोडून ठेवायचा, एवढंच. मध्यरात्री एकदा टॉर्च घेऊन अंगणात.

कोंबड्यांचं थोडं कठीण आहे, खोटं कशाला सांगू. पळणारी, फडफडणारी वस्तू धरणं हे त्याच्या रक्तात आहे आणि दोन पिल्लं धरून झालीत म्हणजे चव लागली. पुढचे सहा महिने तरी कोंबडीची पिल्लं डाल्याखाली आणि कुत्र्याचं पिल्लू दोरीला, दोघं एकाच वेळी मोकळे नकोत. मधल्या काळात रोज दोरीला धरून लांबून कोंबड्या दाखवा, ते कोंबडीकडून मान वळवून तुमच्याकडे बघेल त्या क्षणाला तुकडा. हळूहळू अंतर कमी करा. बरीच कुत्री शिकतात, काही कधीच शंभर टक्के भरवशाची होत नाहीत, तेव्हा डालं ठेवायचंच.

खायला या वयात चार वेळा थोडं थोडं. भाकर बिनतिखटाच्या वरणात कुस्करून, भात, उकडलेलं अंडं, थोडं दही. नुसत्या दुधावर ठेवलं की पातळ हगतं आणि मग ओसरी घाण करतं म्हणून पुन्हा मार खातं. रविवारच्या रश्शातली शिजलेली हाडं देऊ नका, शिजलेल्या हाडाची कपची घशात नाहीतर आतड्यात टोचते. कांदा-लसूण, चॉकलेट, मनुका हे कुत्र्याला विष आहे, प्रसादाच्या शिऱ्यातला मनुकाही नको.

तरीही घरात अजिबात जमलं नाही, नवरा मारायचं थांबलाच नाही, तर दुसरा रस्ता आहे आणि तो घेतलात तर तुम्ही वाईट ठरत नाही. लसी दिलेलं, "ये" म्हटल्यावर येणारं चार-पाच महिन्यांचं कुत्रं मागायला लोक येतात, वावरात घर करून राहणारी माणसं, मेंढरंवाले. घर बघून, माणूस बघून, दिवसाढवळ्या हातात द्यायचं. धरणापलीकडे पोतं उघडण्यात आणि यात फार फरक आहे. पण ते आजच ठरवू नका.

सासऱ्यांकडून मुदत वाढवून घ्या, होळीऐवजी पोळ्यापर्यंत मागा. पोळ्याला ते नऊ-दहा महिन्यांचं असेल, सगळे दात आलेले, आवाज फुटलेला. तेव्हा त्यांनी त्याला परीक्षेला उभं करावं. होळीला काय दिसेल ते सांगून ठेवते म्हणजे घरात वाद नको: मुतणं बरंच आवरलेलं असेल पण कधीमधी चुकेल, चावणं हलकं झालेलं असेल, पूर्ण बंद नाही, आणि हाकेला ओ देईल. हाकेला ओ द्यायला नाव मात्र एकच पाहिजे. आज रात्री सगळे जेवायला बसले की ठरवून टाका, आणि मुलाला ठरवू द्या, त्याच्या पोटरीला लागलंय तर तेवढा मान त्याचा. टिल्लू तर टिल्लू.